एकोणीस फ्रेममधला हात

आधी माफी मागून घेतो. लिहायला बसण्याइतका मी कुणी नाही. आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सर्वांत लांब मजकूर म्हणजे माझा शिष्यवृत्तीचा अर्ज. त्यातल्या 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यापाशी आम्ही तिघं बराच वेळ अडून बसलो होतो. शेवटी वडील म्हणाले, "सही येते असं लिही की." रकान्यात तेवढी जागा नव्हती.

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर, आई कांडी मशीनवर, मागासाठी कांड्यांवर सूत भरायला. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला, आणि त्या पायरीवरून पुढे कसा कोण जाणे ड्रेस्डेनला येऊन पोचलो. इथल्या तांत्रिक विद्यापीठात जुन्या चित्रफिती दुरुस्त करण्याचं तंत्र शिकतो. टीव्हीच्या इतिहासावर लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी पुष्कळ वाचलेलं असतं आणि वाक्य कुठे थांबवायचं ते त्यांना कळतं. माझं तसं नाही. पण ज्या गोष्टीबद्दल मला सांगायचं आहे तिच्याबद्दल जाणकारांनी आजवर जे लिहिलं आहे ते मी वाचलं, आणि जवळजवळ सगळ्यांनी हसून घेतलं आहे. मला हसू आलं नाही. लिहायला बसण्याचं कारण एवढंच. तुम्हाला हसायचं असेल तर हसा, फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

आमच्या विभागात एक काम आलं होतं. टीव्ही नवा असताना इथल्या एका छोट्या स्टुडिओत अंतराळाची एक मालिका तयार झाली होती. तिच्या काही भागांच्या फिती कुठल्याशा तळघरात सापडल्या. एका वाहिनीला त्या स्वच्छ करून पुन्हा दाखवायच्या होत्या. आमच्या विभागप्रमुख बाईंनी ते काम घेतलं आणि त्यातला एक भाग माझ्याकडे दिला. तोच माझा सत्राचा प्रकल्प. मी यापूर्वी एका प्रकल्पात नापास झालो होतो. यातही नापास झालो असतो तर इथलं शिक्षण तिथेच संपलं असतं. बाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. धमकी म्हणून नव्हे, नियम म्हणून.

पहिल्यांदा तो भाग आम्ही सगळ्या वर्गानं मिळून पाहिला. चार अंतराळवीर एका दूरच्या ग्रहाकडे निघाले आहेत. त्यांच्या पोशाखाच्या नळ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या आहेत. यानाच्या मागची ज्वाला जिथून निघते ते केकचं भांडं आहे, मधे भोक असलेलं. त्या स्टुडिओत सकाळी स्वयंपाकाचा कार्यक्रम व्हायचा आणि दुपारी अंतराळ, असं बाईंनी सांगितलं तेव्हा वर्गात हास्याचा स्फोट झाला. काळ्या कापडाला टाचणीनं भोकं पाडून मागून दिवा लावला की झाले तारे. ग्रहावर बर्फ पडतो तो साबणाच्या चुऱ्याचा. एका अंतराळवीराला त्यानं खरंच शिंक येते आणि तो तसाच पुढचं वाक्य म्हणतो. प्रत्येक दृश्याला वर्ग हसत होता. माझ्या शेजारच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी यानाच्या टोकाकडे बघत होतो. ते टोक मला माहीत होतं.

सूतगिरणीतून सूत ज्या पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळून येतं त्याला आमच्याकडे कोन म्हणतात. सूत संपलं की कोन रिकामे पडतात. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात ते असायचे, मूठभर सामान ठेवायला, चूल पेटवायला, मुलांना खेळायला. सातवीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी त्या कोनांचंच रॉकेट केलं होतं. तीन कोन, चार कांड्या, वरून चांदीचा कागद. तालुक्याहून आलेल्या परीक्षकांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, आतला गिरणीचा शिक्का वाचला आणि शेजारच्या गुरुजींना म्हणाले, "यानात बसून साडी विणायची काय?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. परीक्षकांच्या नाही, माझ्या.

तर त्या दिवशी वर्गात मी हात वर केला आणि म्हणालो, "यानाचं टोक सुताचा कोन आहे." माझं जर्मन तेव्हा फार अडखळत होतं. बाईंनी फीत थांबवून पाहिलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. अगदी बरोबर. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या घरी आहेत," मी म्हणालो. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी मी हसलो नाही.

माझं काम असं होतं. यान दोन काळ्या दोऱ्यांवर टांगलेलं होतं. त्या काळच्या धूसर पडद्यावर ते दोरे दिसत नसत. आता फीत इतकी बारीक स्कॅन होते की दोरा दिसतो, दोऱ्याचा पीळसुद्धा दिसतो. वाहिनीची मागणी होती की दोरे काढून टाकावेत, म्हणजे प्रेक्षक हसणार नाहीत. पडद्यावर दोऱ्यावरून ब्रश फिरवायचा, यंत्र आजूबाजूचा काळोख घेऊन तिथे भरतं. पहिल्या आठवड्यात मी अर्ध्या भागातले दोरे पुसले. लपवून काय उपयोग, मला ते काम आवडलं होतं. यान आपलं आपण तरंगायला लागलं की बरं वाटायचं. बाईंनी सगळ्यांसमोर माझं काम दाखवलं. मी ते फोनवर रेकॉर्ड करून घरी पाठवलं आणि आईनं अंगठा पाठवला.

दुसऱ्या आठवड्यात मी उल्कापाताच्या दृश्यावर आलो.

उल्का म्हणजे कोळशाचे तुकडे, बाजूनं कुणीतरी फेकत असलेले. त्यातला एक दोऱ्याला लागतो आणि उजवीकडचा दोरा तुटतो. यान डोकं खाली घालून लटकतं. तेवढ्यात वरून एक हात येतो, यान अलगद धरतो, सरळ करतो आणि निघून जातो. सगळं मिळून एकोणीस फ्रेम. सेकंदसुद्धा नाही. वर्गात आम्ही पाहिलं तेव्हा तो हात कुणाच्याच लक्षात आला नव्हता, माझ्याही नाही. मी एकेक फ्रेम पुढे नेली. बाईचा हात होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. नखं अगदी आखूड कापलेली.

हे दृश्य त्यांनी पुन्हा का घेतलं नाही ते मला माहीत नाही. फीत शिल्लक नसेल, वेळ नसेल. पण त्यांनी एक गोष्ट केली. लगेच पुढचं दृश्य यानाच्या आतलं आहे. कॅप्टन कपाळाचा घाम पुसतो आणि म्हणतो, "कुणीतरी आपल्याला धरलं." बाकीचे तिघं एकमेकांकडे बघतात. मूळ संहितेची पानं फितींसोबत होती. त्यात हे वाक्य टाइप केलेलं नाही, समासात पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. म्हणजे हात चित्रात आला हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो लपवला नाही, गोष्टीत घेतला.

मी बाईंकडे गेलो. म्हणालो, हा हात पुसू नये असं मला वाटतं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आल्झो," त्या म्हणाल्या. म्हणजे, बरं तर. "का?"

"कॅप्टन त्याच्याबद्दल बोलतो."

"कॅप्टन दैवाबद्दल बोलत असेल. देवाबद्दल."

"पण पेन्सिलीनं लिहिलंय."

"हे बघा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. "हा हात कुणाचा ते सांगता आलं तर मी वाहिनीशी बोलेन. नाव असेल तर ती व्यक्ती आहे, तिला श्रेयनामावलीत घेता येतं. नाव नसेल तर ती चूक आहे. आणि चुका दुरुस्त करण्यासाठीच हे काम आपल्याकडे आलंय. महिनाभर आहे तुमच्याकडे."

मी "या" म्हणून बाहेर आलो. या म्हणजे जर्मनमध्ये हो. बाहेर आल्यावर मला कळलं की मी कशाला हो म्हणालो.

माझा खोलीसोबती पुण्याचा आहे. त्याचे आईवडील दोघं प्राध्यापक, तो संगणकवाला. स्वभावानं चांगला, पण जिभेला हाड नाही. त्याला मी सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता.

"म्हणजे एका सेकंदासाठी तू नापास होणार?"

"सेकंदापेक्षा कमी."

"वा. हे तर आणखी छान." त्यानं सुरी खाली ठेवली. "अरे, पब्लिक काय म्हणेल? मंगळावर कामवाल्या बाई आल्या म्हणेल. 'ताई, यान पुसून झालं की उल्का झाडून घ्या.'"

"हसतोयस तू."

"हसण्यासारखंच आहे ते! केकच्या भांड्याचं इंजिन. तुला काय एवढं लागलंय?"

मी भात लावला.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला दोन दिवसांनी आईनं दिलं, तिला प्रश्न माहीत नसताना. हाताच्या नंतर यानाचा जवळून घेतलेला एक शॉट आहे. त्यात उजव्या दोऱ्यावर एक गाठ दिसते. तुटायच्या आधीच्या शॉटमध्ये ती नाही. म्हणजे दोरा तुटला, कुणीतरी जोडला आणि चित्रीकरण पुढे सुरू झालं. मोहरीएवढी गाठ, टोकं कापून टाकलेली. तशी गाठ मी रोज बघत लहानाचा मोठा झालो होतो. तरी मला खात्री नव्हती. दुपारच्या सुट्टीत घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, आई कामावरून येऊन पाय पसरून बसली होती. मी तिला गाठीचा फोटो पाठवला. फक्त गाठ, बाकी काही नाही.

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. तिच्या फोनची काच तडकलेली आहे, ती तड बाजूला करून बघत असल्यासारखी मान वाकडी केली.

"आरं, ही गाठ तर आमचीच की," ती म्हणाली. "कुठं गावली तुला?"

"टीव्हीच्या एका जुन्या फितीत. नक्की आपलीच ना?"

"मग? शिवणारीची गाठ अशी नसती. मासं धरणाऱ्याची अशी नसती. ही सुतावर काम करणाऱ्या बाईची हाय." मग तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "डावरी हाय बघ."

"काय?"

"डावरी रं. डाव्या हाताची. आपण उजवं टोक डाव्याखाली सारतो, हिनं उलटं केलंय. आमच्या खात्यात एक होती अशी. तिची गाठ आम्ही लांबनं वळखायचो. जेवलास का?"

मी जेवलो म्हणून सांगितलं आणि धावत स्कॅनच्या खोलीत आलो. एकोणीस फ्रेम उघडल्या. मी तो हात इतके दिवस बघत होतो, पण हे मी कधी पाहिलंच नव्हतं. यान ज्या हातानं धरलं होतं तो डावा हात होता. फीत उलटी स्कॅन झाली नाही ना, तेही तपासलं. यानाच्या अंगावर रंगवलेला आकडा सरळ वाचता येत होता. डावाच.

बाईंना सांगितलं. त्यांनी गाठ पाहिली, हात पाहिला, पुन्हा गाठ पाहिली. मग म्हणाल्या, "तुमच्या आई काय करतात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे फार सुंदर आहे. पण हे नाव नाही."

मग मी नाव शोधायला लागलो. ड्रेस्डेनच्या परिसरात पूर्वी खूप सूतगिरण्या होत्या, आता बहुतेक बंद आहेत. जिथे जिथे गिरणी होती तिथल्या स्थानिक इतिहास मंडळांना मी पत्रं लिहिली. खोलीसोबती म्हणाला, ई-मेलला ही माणसं उत्तर देत नाहीत, कागदावर लिही. मग त्यानंच माझं जर्मन तपासून दिलं, प्रत्येक ओळीला एक टोमणा मारत. "'सन्माननीय डाव्या हाताच्या बाईंबद्दल'... अरे, असं नाही लिहीत." पण तपासलं त्यानं सगळं, अकराच्या अकरा पत्रं.

उत्तरं येत गेली. एका मंडळानं गावाचं माहितीपत्रक पाठवलं आणि कॉफी-केकला बोलावलं. एकानं कळवलं की गिरणी बंद झाली तेव्हा सगळे कागद टाकून दिले. एका निवृत्त फिटरनं थेट फोन केला. त्यांचं बोलणं माझ्या कानाला फार जड होतं, मी तीनदा "कृपया सावकाश" म्हणालो आणि ते तीनही वेळा आणखी मोठ्यानं बोलले. त्यांनी सांगितलं की हो, टीव्हीवाले आमच्याकडून कोन घेऊन जायचे. कधीकधी बायकासुद्धा. काळं कापड शिवायला, दोरे ओवायला. ट्रकमधून जायच्या आणि गिरणीतली कामाची पाळी सुरू व्हायच्या आत परत यायच्या.

"त्यांची नावं?" मी विचारलं.

"नावं?" ते म्हणाले. "कुणी लिहून ठेवली असतील असं तुम्हाला वाटतं?"

महिना संपायला आठवडा राहिला तेव्हा मी हे सगळं आईला सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. इतक्या लांब, इतक्या जुन्या काळात, तिच्यासारखीच एक बाई टीव्हीच्या यानाला धरून उभी होती. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पर तू ती गाठ लोकांस्नी दाखवणार व्हय?"

"मग? म्हणूनच तर चाललंय सगळं."

"गाठ दिसली की कापडात खोट निघती. आमचं आख्खं काम काय, तर गाठ दिसू नये. त्या बाईनं टोकं बघ किती बारीक कापल्यात. दिसू नये म्हणूनच की. आणि तू मोठी करून दाखवणार. तिला काय वाटंल?"

इतके दिवस मी ज्या बाईसाठी भांडत होतो तिला काय हवं असेल हे मी विचारलंच नव्हतं. एक क्षण वाटलं की विभागप्रमुख बाई म्हणतात तेच बरोबर, वाहिनी म्हणते तेच बरोबर. जे लपवण्यासाठी केलं होतं ते लपू द्यावं. ब्रश फिरवावा, पास व्हावं.

"मग हातही पुसून टाकू?" मी विचारलं.

"हात?" आई एकदम तिरसटली. "हात का म्हणून? हातानं काय चोरी केली का? पडत हुतं ते धरलं. गाठ लपवायची असती रं. हात न्हाई."

फोन ठेवल्यावर मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं. मला जे प्रकल्पाच्या चाळीस पानांच्या अहवालात मांडता येत नव्हतं ते तिनं पाय चोळत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुसलेले सगळे दोरे परत आणायला घेतले. मूळ स्कॅन होतंच, पण प्रत्येक शॉट पुन्हा लावायचा, धूळ आणि ओरखडे तेवढे काढायचे आणि दोरा तसाच ठेवायचा. चार दिवस गेले. वर्गातली ती शेजारची मुलगी माझ्या पडद्याकडे बघून म्हणाली, "तू उलटं काम करतोयस." मी म्हणालो, "गेनाऊ." गाठीला मी हात लावला नाही. मोठी केली नाही, ठळक केली नाही, अहवालात तिचा फोटोही दिला नाही. त्या बाईनं ठेवली होती तेवढीच ठेवली, मोहरीएवढी.

कामाचा प्रोटोकोल भरावा लागतो. कुठल्या फ्रेममध्ये काय दोष होता आणि काय दुरुस्ती केली, याचा तक्ता. त्या एकोणीस फ्रेमसमोर दोषाच्या रकान्यात मी 'दोष नाही' असं लिहिलं. दुरुस्तीच्या रकान्यात 'एक बाई यान पडू देत नाही. चित्राचा भाग.' या वेळी रकान्यात जागा पुरली. खाली सही केली. माझी सही वडिलांसारखीच आहे, पहिलं अक्षर मोठं आणि पुढे नुसती रेघ.

बाईंच्या टेबलावर ते ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं.

"नाव मिळालं?"

"नाही."

"आपलं काय ठरलं होतं?"

मी हात खिशात घातले, मग इथे खिशात हात घालून बोलणं बरं दिसत नाही हे आठवून बाहेर काढले. म्हणालो, "हात काढायचा असेल तर कॅप्टनचं वाक्यही काढावं लागेल. नाहीतर तो खोटं बोलतो." मग जे म्हणायचं ठरवलं नव्हतं तेही तोंडातून गेलं. "आणि नाव नसणं ही तिची चूक नाही. ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांची आहे. तुम्ही हात पुसलात तर ती चूक आपली होईल. मी पुसणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा."

व्याकरणाच्या दृष्टीनं ते जर्मन कसं होतं देव जाणे. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "तुमचं काम मी स्वीकारलं आहे. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही. तुम्ही जाऊ शकता."

आठ दिवसांनी निकाल लागला. उत्तीर्ण, अगदी शेवटच्या श्रेणीत, जिच्या खाली नापासच असतं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'दिलेल्या कामापासून जाणीवपूर्वक विचलन.' खोलीसोबती म्हणाला, "जाणीवपूर्वक! फ्रेम करून लाव ते." मी खरंच तो कागद भिंतीला चिकटवला. तो अजून आहे.

पण हाताचं काय झालं ते मला कळलं नाही. फीत वाहिनीकडे गेली. विभागप्रमुख बाई दुसऱ्या शहरात गेल्या. मी दोनदा मेल केला. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की अंतिम संपादन वाहिनीचा अधिकार आहे. आईनं दर रविवारी विचारायचं, "त्या बाईचं काय झालं रं?" आणि मी म्हणायचं, "कळलं नाही अजून." मग ती विचारायची, जेवलास का.

उन्हाळा गेला. खोलीसोबत्याला स्टुटगार्टला नोकरी लागली. जाताना तो कांदा चिरायची सुरी मला देऊन गेला.

मागच्या रविवारी दुपारी कपडे वाळत घालत होतो तेव्हा त्याचा फोन आला. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे टीव्हीचा आवाज आणि लहान मुलांचा गलका.

"अरे, ऐक, ऐक. ऑफिसातल्या एकाकडे जेवायला आलोय. त्यांच्या पोरांनी टीव्ही लावलाय, आणि तुझं ते केकचं भांडं! आत्ता! उल्का आल्या, कोळसे..."

"मग?"

"मग यान पडलं. खाली डोकं. पोरं ओरडली."

"मग?"

"थांब ना. मी पोरांना म्हटलं, गप्प बसा, बघा आता, बघा." त्याचा आवाज अचानक खाली आला. "आला रे. आला हात. डावाच. धाकटी मला जर्मनमध्ये विचारतेय, ही कोण बाई. मी काय सांगू तिला?"

माझ्या हातात ओला शर्ट तसाच होता.

"कुणीच हसलं नाही," तो म्हणाला. "ऐकतोयस ना? आणि ती तुझी गाठ, मी अगदी टीव्हीला नाक लावून बघितली. कुठे होती? नाही दिसली मला."